बारवेसाठी घरटी एक भाकरी

आई, तुझा लाडका नातू मला म्हणाला, "आत्या, बारव बुजवून पार्किंग करतोय. जागा नाही म्हणून भाडेकरू टिकत न्हाईत. तुझ्या आठवणींवर गाड्या लागतात का?" दर उन्हाळ्यात तू पदर खोचून उतरायचीस आणि गाळाच्या पाट्या वर द्यायचीस, ती बारव! गाव महापालिकेत गेलं, माणसं चाकणच्या कंपन्यांत गेली, पण अक्कल कुठे गेली? "आधी तुझ्या डोक्यात भर घाल," असं सुनावून मी चहा न घेता उठले. राडारोड्याचे ट्रक रविवारी दुपारी येणार होते. म्हणजे आज.

मी आधी ग्रामस्थांच्या ग्रुपवर सभा जाहीर केली. सगळ्यांनी अंगठे दाखवले, आलं कुणी नाही. मग मंडप घातला, इडली-वडा मागवला. तेव्हा मात्र झुंबड. "काकू, चटणी एक नंबर!" म्हणत हात पुसले आणि गेले. बारवेत कुणी डोकावलंही नाही. एवढी शिकून मी पाहुणे जमवले, गाव नाही.

तू कुणाला खायला बोलावत नव्हतीस, आणायला लावायचीस. मला अजून दिसतं: मी सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेच्या कडक गणवेशात तुझ्यामागे उभी आहे आणि तू टोपली घेऊन दारोदार फिरते आहेस. घरटी एक भाकरी. पाटलांच्या वाड्यातली, वेशीबाहेरच्या वस्तीतली, सगळ्या एकावर एक. थोरली काकू म्हणते, "आमची येगळी ठिव." तू तिची भाकरी तिच्याच हातात परत देतेस. "येगळी ठिवायची तर घरीच ठिव की. गाळ बी येगळा काढशील व्हय?" दुपारी चिखलाने माखलेली काकू टोपलीत हात घालते, कुणाची भाकरी ते न बघता. टोपलीत भाकरी टाकलेलं माणूस मागोमाग येतंच, हे तुला ठाऊक होतं.

आज सकाळी तीच टोपली घेऊन निघाले. नातू दारातून ओरडला, "आत्या, आता भीक मागतीस?" मी म्हटलं, "हो, तुझ्या आजीसारखी." पुढच्या खोलीत लातूरकडची एक बाई राहते. ती चाचरत म्हणाली, "मावशी, आम्ही भाडेकरू. आमची चालंल का?"

"टाक. आणि नवऱ्याला घेऊन ये."

"त्यांची शिफ्ट हाय. मी येते की."

आणि ती आली. तुझी नातसूनही आली, मागच्या दाराने, पदराखाली भाकरी घेऊन. आता बारवेच्या पायऱ्यांवर घरोघरच्या बायका खेटून बसल्या आहेत आणि मी त्यांच्यात बसून हे लिहिते आहे. वळणावर ट्रकचा हॉर्न वाजतो आहे. कुणी हललेलं नाही.

हा कागद तुला पोचायचा नाही, म्हणून सांगते. टोपलीत सगळ्यात खाली आपल्या घरची भाकरी आहे. ती मी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून विकत आणली. "तू शिक, भाकरी मी थापते," म्हणायचीस ना? मला अजून थापता येत नाही.