पलीकडच्या काठावरची मैना

अल मवालेह, मस्कत
१४ मे २०२३, रविवार

तीर्थस्वरूप ओमप्रकाशकाका,

पूर्वाचा वाकून नमस्कार. काकूंनाही सांगा. तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मार्चअखेरीस आलं, दुसरं मागच्या आठवड्यात. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल रागावू नका. निदान पत्र वाचून होईपर्यंत तरी रागावू नका.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय हे लक्षात आहे. हे पत्र सूनबाईंकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. दमलात तर मध्ये ठेवून द्या, पण वाचा तुम्हीच.

इथे ऊन कडक झालंय. सकाळी आठलाच गाडीचं दार धरवत नाही. देवेशचं ऑफिस, यशश्रीची शाळा, सगळं नेहमीसारखं चालू आहे. यशश्री आता आठवीत जाईल. शाळेत सगळ्या मुली इंग्रजीतच बोलतात, त्यामुळे तिचं मराठी अडखळतं. पण आजोबांशी ती मराठीतच बोलायची. 'आजोबा, तू जेवला का' असं विचारायची आणि बाबा तिला रोज नव्याने दुरुस्त करायचे. सादिकभाईंनी परवा रत्नागिरीच्या हापूसची पेटी आणून दिली. सादिक म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत राहतात ते, राजापूरकडचे. इथल्या मोठ्या भाजी मार्केटात त्यांचा कांद्याचा गाळा आहे. पेटी अजून तशीच आहे. पिकून वास सुटलाय, पण घरात कोणी उघडत नाही.

तुम्ही लिहिलंत, 'कृष्णकांत परदेशात जाऊन आळशी झाला काय, चार ओळी लिहायला त्याला कसले कष्ट?'

बाबा गेले, काका. एप्रिलच्या सुरुवातीला गेले. इथेच अग्नी दिला.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. तुमच्या मुलाला कळवून निरोप देता आला असता, देवेश रोज तेच म्हणत होता. मीच म्हटलं, थांब, मी लिहिते. लिहायला बसायचे आणि उठायचे. नुसतं गेल्याचं कळवायचं असतं तर एव्हाना कळवलं असतं.

आधी त्यांचे इथले दिवस सांगते.

आई गेल्यावर मी त्यांना घेऊन आले तेव्हाच विस्मरणाचा आजार सुरू झाला होता. तुम्हाला ते पत्रं लिहीत होते, पण गेल्या वर्षी एक पत्र पुरं करायला त्यांना आठवडा लागायचा. मला कधी आईच्या नावाने हाक मारायचे, कधी ऑफिसातल्या कोणाच्या. पण माती आणि पाणी यातलं काही ते विसरले नव्हते. गॅलरीतून समोरचे उघडे, तपकिरी डोंगर दिसतात. ते बघत बसायचे आणि म्हणायचे, "एवढा ढाळ आहे आणि पाणी अडवायला कोणी एक ताल घातला नाही?"

यशश्रीला ते तुम्हा दोघांच्या मृदसंधारणाच्या ट्रेनिंगच्या गोष्टी सांगायचे. तो उंच अमेरिकन प्रशिक्षक, त्याने भिंतीवर दाखवलेल्या त्यांच्याकडच्या शेतांच्या स्लाइड्स. तिथल्या लोकांनी कशी मैलोन्‌मैल जमीन सरळ नांगरून काढली, मग कोरड्या वर्षांत ती माती कशी आभाळात उडाली आणि भरदुपारी घरात दिवे लावायची पाळी आली. मग ते कसे उताराला आडवे नांगरायला शिकले, एक पट्टा गव्हाचा, एक पट्टा गवताचा, वरून पाहिलं तर फणी फिरवल्यासारखा अख्खा डोंगर. "आम्ही ते बघून वेडे झालो होतो गं," म्हणायचे. "ओमप्रकाश म्हणाला, आपला आष्टी तालुका असा दिसला पाहिजे." तुम्ही असं म्हणाला होतात का काका? त्या प्रशिक्षकाची नक्कल करून ते दोन्ही तळवे खाली दाबायचे आणि म्हणायचे, "स्लो इट डाऊन, बॉईज!" यशश्री पोट धरून हसायची.

आमच्या घरामागून एक वादी जाते. वादी म्हणजे इथला कोरडा ओढा. रुंद पात्र, नुसते गोटे, वर्षातून एखाद-दोनदा पाणी येतं. थंडीत मी त्यांना संध्याकाळी तिथे फिरायला न्यायचे. एक दिवस ते खाली बसले आणि दगड रचायला लागले. मोठे खाली, लहान वर, मध्ये खपल्या ठोकून. मी म्हटलं, बाबा, चला. ते म्हणाले, "एवढी ओळ पुरी होऊ दे." मग ते रोजचंच झालं. पात्राच्या पलीकडच्या बाजूला, काठाला धरून गुडघाभर उंचीचा बांध उभा राहिला. लोक बघायचे. सादिकभाई अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाला जाताना थांबायचे, "चाचा, काम कवा खलास?" असं विचारायचे. बाबा म्हणायचे, "पाऊस ठरवेल." सादिकभाईंची धाकटी सिदरा, पाच वर्षांची, बांधामागे बसून गोटे गोळा करायची. तिला ते मैना म्हणायचे.

मला वाटलं, लाडाचं नाव. लहान पोरींना म्हणतात तसं.

दगड रचताना ते बोलायचे. त्र्याहत्तर सालच्या पाझर तलावाचं बोलायचे. दुष्काळाचं काम, तुमचे दोघांचे तंबू शेजारी शेजारी, काकूंनी चुलीवर केलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. तुम्हाला एक मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं. तीस वर्षं मी तुमच्या घरी येतेय, काकूंच्या हातचं खातेय, आणि तुमच्या घरात किंवा आमच्या घरात ते नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. बाबा तुकड्यातुकड्याने सांगायचे. परतीचा पाऊस, तलाव काठोकाठ भरलेला, तुम्ही सामान आणायला आष्टीला गेलेले. बाबा बांधावर उभे होते. पायथ्याशी पाणी झिरपत होतं, ते एकदम गढूळ यायला लागलं. गढूळ आलं म्हणजे आतून माती निघाली, बांध राहत नाही, हे ते मला दरवेळी समजावून सांगायचे. "मग मी झोपड्यांकडे पळालो," म्हणायचे. आणि पुढचा दगड उचलायचे.

मी एकदा विचारलं, "आणि मैना?"

"ती नाल्यात होती. पाणी आलं."

एवढंच त्यांनी तुम्हालाही सांगितलं होतं ना?

मार्चचा शेवटचा शुक्रवार. आमच्याकडे थेंब पडला नव्हता. डोंगरावर लांब काळं दिसत होतं, पण इथे स्वच्छ ऊन होतं, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. वादीत पोरं क्रिकेट खेळत होती, दहा-पंधरा जण असतील. काठावर बायका चटया टाकून बसलेल्या. मी थर्मासमधला चहा ओतत होते. बाबा माझ्याजवळ खुर्चीवर होते.

ते उठून उभे राहिले. वरच्या अंगाला बघत होते. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग खडी ट्रकमधून ओतावी तसा आवाज आला. बाबा ओरडले, "वर या! सगळे वर या!" त्यांचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पोरांना मराठी कळत नव्हतं, पण काय म्हणतायत ते कळलं. कोणी "वादी! वादी!" करून ओरडलं, बायका उठल्या, पोरं बॅट टाकून काठाकडे पळाली.

बाबांनी त्या पोरांकडे पाहिलं. एकदाच. मग त्यांनी पाठ फिरवली आणि उलट्या बाजूला, पात्र ओलांडून पळायला लागले. मी किंचाळले, "बाबा, इकडे! इकडे या!" मला वाटलं, आजारामुळे त्यांना दिशा कळेना. तेव्हा मला पलीकडे सिदरा दिसली. बांधामागे बसली होती, मांडीत गोटे.

एकोणऐंशी वर्षांचा माणूस, काका. सकाळी त्यांना चपलेत पाय घालायला मी मदत करत होते.

सादिकभाई मशिदीतून बाहेर पडले ते तसेच पलीकडच्या काठावर धावले, मशीद त्याच बाजूला आहे. पाणी येताना भिंतीसारखं वगैरे आलं नाही. चॉकलेटी, काड्याकचऱ्याने भरलेलं, आधी घोट्याएवढं, आणि मी पुढे दोन पावलं टाकेपर्यंत कमरेएवढं. बाबांनी सिदराला उचललं होतं. सादिकभाई नंतर रडत सांगत होते, "ताई, चाचांनी पोरीला माझ्या अंगावर फेकलान. मी तिला धरलंय आणि दुसरा हात पुढं केलाय, तर चाचा नाहीत." बाबांचा बांध तर पहिल्याच लोंढ्यात गेला होता. त्यातला एकही दगड नंतर सापडला नाही.

खाली रस्त्याचा पूल आहे, तिथे दोन ओमानी पोरांनी गाडीला दोर बांधून त्यांना काढलं. जिवंत होते. पण छातीत पाणी गेलं होतं, मग ताप चढला. हॉस्पिटलमध्ये काही दिवस काढले. नसीबा, सिदराची आई, रोज पेज करून आणायची. बाबा दोन चमचे घ्यायचे.

काका, आता जे लिहायचंय त्यासाठीच हे पत्र एवढं लांबलं.

एका दुपारी ते अगदी शुद्धीवर होते. इतके की त्यांनी मला पूर्वा म्हणून हाक मारली. कित्येक महिन्यांत मारली नव्हती. म्हणाले, "मला ती दिसली होती."

मी म्हटलं, "हो बाबा, सिदरा ठीक आहे."

"सिदरा नाही. मैना. बांधावरून मला दोन्ही दिसत होतं. अलीकडे झोपड्या, पलीकडच्या काठाखाली मैना. लाल परकर होता. शेळीच्या पिलाशी खेळत होती. दोन्हीकडे जायला वेळ नव्हता." मग म्हणाले, "झोपड्यांत माणसं जास्त होती गं. मी मोजून धावलो."

मी त्यांचा हात धरला.

"तिने माझ्याकडे बघून हात केला. तिला वाटलं मी तिलाच बोलावतोय. ओमप्रकाशला मी हे सांगितलं नाही. रोज सांगायचं होतं. तू सांग."

"तुम्हीच सांगा ना बाबा. बरे व्हा, आपण आष्टीला जाऊ."

"तू सांग," म्हणाले.

नंतर ते पुन्हा धूसर झाले. गेले त्या दिवशी पहाटेपासून एकच विचारत होते, "मैना वर आली का?" नर्सला विचारायचे, देवेशला विचारायचे. मी म्हटलं, "आली बाबा. वर आली." "ओमप्रकाशपाशी आहे?" "हो, त्यांच्यापाशीच आहे." मग विचारायचे थांबले.

मी हे का लिहिलं? देवेश म्हणाला, त्या ऐंशी वर्षांच्या माणसाला आता कशाला हे? जे पन्नास वर्षांपूर्वी मिटलं ते मिटलेलं राहू दे. मीही दीड महिना तेच स्वतःला सांगत होते. पण मिटलं असतं तर बाबा त्या वादीत दगड रचत बसले नसते, आणि तुमच्या दोघांच्या पत्रांत पाऊसपाणी, बांधबंदिस्ती, नातवंडं हे सगळं असताना ते एक नाव गाळलेलं नसतं. तुम्ही त्यांना कधीच विचारलं नाहीत, त्या वेळी तू कुठे होतास म्हणून. कदाचित तुम्हाला कळलं होतं. कदाचित तुम्हाला मित्र गमवायचा नव्हता. मला माहीत नाही.

झोपड्यांतली सगळी माणसं वाचली, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते त्यांचं समर्थन म्हणून मी लिहीत नाही, त्यांनीही ते तसं कधी सांगितलं नाही. तुम्हाला त्यांचा राग आला तर येऊ दे. तुमचा तो हक्क आहे, आणि आता रागावून घ्यायला मीच उरले आहे.

काकूंना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्यावर सोपवलेलं होतं ते तुमच्यापुरतंच होतं.

अस्थी मी अजून घरीच ठेवल्या आहेत. जूनमध्ये सुट्टी लागली की घेऊन येईन. मला आधी तुमच्याकडे यायचंय. तो तलाव आता कसा आहे, पाणी असतं का, मला काही माहीत नाही. त्या नाल्याशी, पलीकडच्या काठावर तुम्ही मला नेलंत तर चिमूटभर राख तिथल्या मातीत ठेवीन म्हणते. नको वाटलं तर नाही म्हणा, मी समजेन. पत्र लिहून नाही म्हणा किंवा दारात उभी असताना म्हणा. मी येणार आहे.

सिदरा परवा पुन्हा त्या वादीच्या काठावर उभी होती. नसीबाने तिचा हात घट्ट धरला होता. "आजोबा किधर गया?" असं तिने मला विचारलं. मी तिचा दुसरा हात धरला.

तब्येतीला जपा. काकूंच्या पाया पडते.

तुमची पूर्वा,
आणि तुम्ही म्हणू दिलंत तर, मैनेची धाकटी बहीण