पांदणीतली करडी पाटी

३ मार्च
कपिलदादाचा निरोप आला. तो ज्या मालवाहू जहाजावर स्वयंपाक करतो, ते आखाताच्या तोंडाशी थांबलं आहे. भांडण दोन देशांचं. जहाज तिसऱ्याच देशाचं, आत गहू. तरी परवा पुढच्या जहाजावर काहीतरी येऊन पडलं. आईला मी फक्त ‘थांबलं आहे’ एवढंच सांगितलं.

५ मार्च
दादा फोनवर म्हणाला, कॅप्टननं जहाजाच्या नावापुढं सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलंय – ‘सर्व खलाशी भारतीय. आमचा कोणाशी संबंध नाही.’
मी विचारलं, वाचतात का?
“वाचत असतीन. नेम धराच्या आधी का मंग, ते माईत नाही.”

६ मार्च
आमचं घर शेतात. गावात जायला एकच पांदण. तिच्या घराकडच्या तोंडाला शेजारच्या देवरावांनी बाभळीचे काटे टाकलेत, गावाकडच्या तोंडाला त्यांच्या चुलतभावानं, भगवानरावांनी. वाद त्यांच्या दोन शेतांमधल्या धुऱ्याचा, बांधाचा. बैलबंडी निघत नाही. हरभरा घरातच.
देवराव म्हणाले, “तुले कोन अडवलं? मी त्याले अडवलं.”
भगवानरावही तेच म्हणाले. शब्दही तेच.
दोघांकडे चहा घेतला. दोन्हीकडे अर्धा कप. फरक दिसायला नको.

८ मार्च
बंडीला पाटी लावायची ठरवली, जहाजासारखी. रंगाचं अवघड. भगवा, निळा, हिरवा, पिवळा – प्रत्येकाला मालक आहे. पेंटर उत्तमसिंगनं करडा सुचवला. “याचा अजून कोनी पक्ष नाही. घाई कर.”
लिहिलं: ‘आमचा कोणाशी संबंध नाही.’ शुद्धलेखन दोनदा तपासलं.

९ मार्च
देवरावांनी पाटी वाचली. “संबंध नाही? तुह्या बापाच्या तेरवीले टँकर कोन आनला होता बे?”
भगवानरावांनी वाचली. “आमाले वाळीत टाकून राह्यला काय?”
संध्याकाळी दोन्ही तोंडांचे काटे कंबरेपर्यंत आले.

१२ मार्च
ग्रामसभा. सरपंच बबिताताईंनी दादाची बातमी सांगितली. ठराव मांडला – तटस्थ व्यापारी जहाजांना मोकळी वाट मिळालीच पाहिजे. सूचक देवराव, अनुमोदक भगवानराव.
“समुद्र काय कोनाच्या बापाचा हाये?” देवराव म्हणाले. टाळ्या.
“येनाऱ्या-जानाऱ्याचा काय गुन्हा?” भगवानराव म्हणाले. जास्त टाळ्या.
आई उठली. “आन् पांदण?”
“ते विषयपत्रिकेत नाही, काकू,” बबिताताई म्हणाल्या.
ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहून दिला. पाठवायचा कुठं, कोणाला माहीत नव्हतं. तहसीलदारांकडे पाठवला.

१३ मार्च
दादाचा फोन नाही.

१४ मार्च
नाही. फोन आईनं स्वतःकडे ठेवलाय.

१७ मार्च
लागला! जहाज पार झालं. नौदलाचं जहाज पुढं, हे मागं. “तिकडं जहाज निंगून राह्यलं, इकडं मी पोया लाटून राह्यलो,” दादा म्हणाला. आई रडली, मग त्याला म्हणाली, गॅस बारीक ठेवत जा.
चोवीसला घरी येतोय.

२० मार्च
गावात दोन फलक. ‘देवरावांच्या ठरावाला यश.’ ‘भगवानरावांच्या पाठपुराव्याला यश.’ दादाच्या सत्काराला दोघांनी मिळून मंडप घातला. दोघांपैकी कोणाचीच नाही अशी एकच जागा सापडली, म्हणून पांदणीत.

२३ मार्च
दादा मुंबईत उतरला. विचारलं, “पांदण मोकळी झाली काय?”
नाही म्हणालो.
“आमच्या पुढं नौदल होतं, म्हनून निंगालो. आपल्या बंडीपुढं कोन चालते, गोपाल?”
फोन आईच्या हातात होता, स्पीकरवर.

२४ मार्च
सकाळी आई कुऱ्हाड घेऊन बंडीपुढं निघाली. मी पाटी काढली. काटे वाहून न्यायला कामी आली.