अव्वासाठी बांधलेली भट्टी

आप्पा,

सोलापूर सोडून इतकी वर्षं झाली, पण आज सकाळपासून तुमची ती अंगणातली भट्टीच डोळ्यांसमोर आहे. आईला आम्ही तिच्या माहेरच्या रीतीनं अव्वाच म्हणायचो. त्या वर्षी अव्वा तापातून उठली खरी, पण तिला अन्न जाईना. भाकरीचा तुकडा तोंडात धरून बसायची. डॉक्टर म्हणाले, दुधात पाव भिजवून द्या. अव्वानं मान फिरवली. "बेकरीचा? त्यात ताडी घालत्यात. मी न्हाय शिवायची." ती वाळत चालली. मग एका संध्याकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. गिरणीत तुम्ही ज्या बॉयलरवर होतात, त्याची भट्टी नव्यानं बांधली होती; काढून टाकलेल्या जुन्या विटा तुम्ही साहेबांना विचारून आणल्या होत्यात. काळ्या, जड, कडा झिजलेल्या. "पाव घरीच भाजू की," तुम्ही म्हणालात. बाजेवरून अव्वा म्हणाली, "आता गिरणीबी हितंच आणा."

तुम्ही विटांवरची जुनी माती खरवडलीत, ओल्या वाळूचा ढीग थापून त्यावर विटांचा घुमट चढवलात आणि घाईघाईनं दुसऱ्याच दिवशी खालची वाळू उपसलीत. घुमट धाडकन खाली बसला. धुळीतून तुम्ही बाहेर आलात ते पिठात पडलेल्या उंदरासारखे, आणि अव्वा खळखळून हसली. तुम्ही डोकं झटकायचंही विसरून तिच्याकडे बघत राहिलात.

दुसऱ्यांदा मात्र सगळं नीट सुकू दिलंत. तुराट्या पेटवल्या, आतली काजळी जळून विटा पांढुरक्या झाल्या, तेव्हा निखारे बाहेर ओढून ताकात आंबवलेल्या मैद्याचे गोळे आत सारलेत. पाव एका बाजूला फुगला, दुसरीकडे बसला. अव्वानं तो हुंगला, दुधात बुडवला, खाल्ला. "अजून हाय का?"

दिवाळीपर्यंत तीच भट्टीच्या तोंडाशी बसून गल्लीभरच्या नानकटाया भाजत होती, वर तुम्हाला ओरडत होती.

एक सांगायचं राहिलं. तो पहिला पाव खाता खाता अव्वा तुमच्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलली आणि तुम्ही चक्क लाजलात. तिची अक्कलकोटकडची माहेरची भाषा तुम्ही शिकला होतात. आम्हा पोरांना ती येत नाही, असं तुम्ही दोघं धरून चालायचात. आप्पा, मला सगळं कळत होतं. ती म्हणाली होती, "तुमच्या घरी दिलं म्हणून बापावर धरलेला राग आज सोडला." हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहायला धजले.