दुसऱ्या घरची टेप

४ फेब्रुवारी

आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, नवी खोली, आणि खोलीतल्या पलंगाचा एक पाय आखूड. त्याखाली वर्तमानपत्राची घडी सारली आणि संसार थाटला. खाली स्टुडिओ, वर मी. मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आता उशीर झाला की बस चुकल्याची थाप मारता येणार नाही.

काम सोपं आहे. लोक कॅमकॉर्डरच्या जुन्या, छोट्या टेपा आणून देतात. टेप कॅमेऱ्यात घालायची, कॅमेऱ्याची केबल कॉम्प्युटरला जोडायची आणि वाजवायची. ती वाजत असताना कॉम्प्युटर उतरवून घेतो. घाई चालत नाही, तासाभराची टेप उतरवायला तासच लागतो. मग चुकून शूट झालेली फरशी, कुणाचा अंगठा वगैरे कापून टाकायचं. दिवसभर परक्यांचे वाढदिवस बघायचे आणि वर पगार घ्यायचा!

मालक भला माणूस, पण जिथे तिथे चिठ्ठ्या चिकटवतात. पंख्याच्या बटणावरही ‘पंखा’ लिहिलंय. कॅमेऱ्यावरच्या चिठ्ठीबद्दल मात्र ते फार गंभीर होते. एका घरची टेप काढली की आधी क्लीनिंग कॅसेट फिरवायची, मगच दुसऱ्या घरची घालायची. जुन्या टेपांना बुरशी असते, ती कॅमेऱ्यातल्या, टेप वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या टेपेवर जाते. मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

खरं तर मी इथे आले ते आईसाठी. मी चार वर्षांची असताना ती गेली, आता बाबाही नाहीत. बाबांनी शूट केलेली आईची एकच टेप माझ्याकडे आहे, आणि आमचा कॅमेरा कधीच मोडीत गेला. इथला कॅमेरा ती चालवेल.

६ फेब्रुवारी

आज एक आजोबा पिशवीभर टेपा घेऊन आले. सगळ्या टेपांत त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही, नातेवाईक पांगलेले. मी गेलो की तिला आठवणारं कोणी उरणार नाही, असं म्हणाले आणि लगेच हवापाण्यावर बोलायला लागले. फार वाईट वाटलं मला. टेपांवर पिठासारखी पांढरी बुरशी होती. ब्रशने झटकली, तरी वास गेला नाही.

७ फेब्रुवारी

दिवसभर आजोबांच्या टेपा. करड्या स्वेटरमधली एक बाई खुर्चीत बसलेली. हसत नाही, बोलत नाही, नुसती कॅमेऱ्याकडे बघते. आजोबा कॅमेरा खिडकीकडे वळवतात, तरी चित्राच्या कडेला तिची बाही असतेच. नवऱ्याच्या हौसेला वैतागली असेल बिचारी. शेवटी शेवटी मला उगाचच वाटायला लागलं, की ती मला निरखतेय.

८ फेब्रुवारी

आई दिसली!

आजोबांची शेवटची टेप संपली, मालक जेवायला गेले, आणि मी धावत वर जाऊन माझी टेप आणली. क्लीनिंग कॅसेट फिरवली नाही. विसरले नाही, धीरच धरवला नाही.

आई माझे केस विंचरतेय. डाव्या हाताने! ती डावखुरी होती हे मावशी नेहमी सांगते, पण बघणं निराळंच. पुढचा एक दात जरा वाकडा. हसता हसता तिला उचकी लागते आणि मग उचकीवरच हसते. “भोपळे, इकडे बघ,” म्हणते. भोपळे म्हणजे मी. गालच तसे होते माझे.

खूप रडले. मालक आले तेव्हा डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं. उद्या सुट्टी आहे, परवा निवांतपणे उतरवून घेईन.

१० फेब्रुवारी

टेप उतरवली. आईच्या मागे दाराशी कुणाची तरी बाही दिसतेय. करडी. परवा माझं लक्ष गेलं नसेल. शेजारीण असेल कुणी.

११ फेब्रुवारी

शेजारीण नव्हे. आज ती आईच्या बाजूला बसली होती. तीच. आजोबांची बाई.

क्लीनिंग कॅसेट पुन्हा पुन्हा फिरवली. मालकांना दाखवलं. त्यांना दोन बायका दिसल्या, त्यात नवल काय ते कळेना. बुरशी जाते इकडून तिकडे, माणूस कसा जाईल, म्हणाले. मग त्यांनी मला लवकर सुट्टी दिली.

१२ फेब्रुवारी

आजोबा आले. त्यांची फाइल लावून दिली. खुर्ची होती, खिडकी होती. खुर्चीत कोणी नव्हतं.

आजोबा शांतपणे बघत राहिले. मग विचारलं, मी रिकामी खुर्ची का शूट केली असेल हो? रोज सकाळी दोन कप चहा करतो म्हणाले, दुसरा कुणासाठी ते आठवत नाही. वय झालं, म्हणून हसले. टेपा नकोत म्हणाले, इथेच ठेवून गेले.

त्यांच्याकडून ती निघाली. आठवणारं दुसरं कुणीतरी हवं होतं तिला. तरुण कुणीतरी.

१३ फेब्रुवारी

मावशीला फोन केला. टेपेत करड्या स्वेटरमधली बाई आहे, एवढंच सांगितलं. मावशी हसली.

“अगं वेडे, तीच तर तुझी आई.”

मी विचारलं, आई डावखुरी होती ना? मावशी म्हणाली, आपल्यात डावखुरं कोण होतं गं?

१४ फेब्रुवारी

आई दाराशी ढकलली गेलीय. अर्धी चित्राबाहेर. माझे केस आता ती बाई विंचरते, उजव्या हाताने. आणि बघते इकडे, माझ्याकडे. छोट्या मीकडे नाही.

एकच उपाय सुचतो. जशी आली तशी परत धाडायची. आईची टेप वाजवायची, हेड न पुसता लगेच आजोबांची घालायची.

देवा, एवढं होऊ दे.

१५ फेब्रुवारी

केलं.

आजोबांची खोली. तीच खुर्ची. खुर्चीत कोणीतरी आलं. आधी आनंदाने ओरडलेच मी. मग बघितलं—

आई. त्या परक्या घरात आई बसलीय. दाराकडे बघतेय. कुणाला तरी शोधल्यासारखी—

हे मी काय केलं!

उलटं करून पाहिलं. परत येत नाही ती. माझ्या टेपेत आता दुसरी एकटीच आहे. आज पहिल्यांदा बोलली. “बाळा,” म्हणाली.

१६ फेब्रुवारी

लिहून ठेवते. आई डावखुरी. दात वाकडा. हसली की उचकी. उजव्या हाताने केस— नाही. डाव्या. आईच्या अंगाला तो वास, कपाटातला, पांढऱ्या पिठासारखा— नाही, नाही, तो तिचा—

बाळा म्हणायची मला. बाळाच ना?

१८ फेब्रुवारी

आज बरं वाटतंय. मावशीशी आईबद्दल खूप बोलले. आई कमी बोलायची, नुसती बघत राहायची. करडा स्वेटर तर तिने कधी सोडला नाही.

मालक म्हणाले, आजोबांच्या टेपा आता टाकून दे. टाकण्याआधी एक सहज लावली. खुर्चीत कोणी एक बाई आहे. कोण कुणास ठाऊक. पण रडू का येतंय मला? हसता हसता तिला उचकी लागते. डाव्या हाताने कॅमेऱ्याची काच पुसल्यासारखं करते, जवळ येते, काहीतरी म्हणते. आवाज वाढवला.

भोपळे, म्हणते. भोपळे, इकडे—