उलटी कार्डं

५ ऑगस्ट
नोकरीला लागून तीन आठवडे. आज पहिल्यांदा वाटलं, टिकेन इथे. काशीत मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीतलं यात्रा कंपनीचं ऑफिस, एक खोली नि एक कूलर. मालक अवस्थीजी (यापुढे अ.जी) यांनी सकाळीच दत्तूकाकांच्या पेट्या माझ्या टेबलावर आणून आदळल्या. अकरा. पेट्या कसल्या, चपलांची खोकी. आत कोंबलेली कार्डं. महाराष्ट्रातून आलेल्या एकेका यात्रेकरूचं एकेक कार्ड : नाव, गाव, फोन, सोबत कोण, काय राहिलं. ‘मुलाचं लग्न झालं की जोडीने येणार.’ ‘गया राहिली.’ अ.जी याला लीड म्हणतात, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक. सगळं कॉम्प्युटरात चढवायचं, पितृपक्षाच्या आत फोन करायचे.
चढवून झालं की मी पक्की. दत्तूकाकांचं काय, ते अ.जी बोलले नाहीत. खोलीत खुर्च्या दोनच मावतात, त्यातली एक अ.जींची.

६ ऑगस्ट
दत्तूकाका (द.का.) म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. तीस वर्षं स्टेशनवर नि धर्मशाळेत उभं राहून मराठी माणसं गोळा केली, एवढंच कर्तृत्व.
मी नऊ वर्षांची असताना बाबा घर सोडून गेले. आई विचारायला याच माणसाच्या दारात गेली होती, तुम्हाला ठाऊक असेल कुठे गेले ते. नाही ठाऊक, म्हणाले. दारातच उभी ठेवली तिला, पाणीसुद्धा विचारलं नाही. मी तिचा पदर धरून उभी होते. हे मी विसरलेले नाही.
आज म्हणाले, “नंदे, पेट्या मी रिकाम्या करतो. तू आधी मला विचार.” मी म्हटलं, काका, तुम्हाला कमी दिसतं, तुम्ही बाहेर बसा नि लोकांच्या चपलांकडे लक्ष ठेवा.
बसले. खरंच जाऊन बसले. फार बरं वाटलं.

७ ऑगस्ट
फोटो काढायला कार्डं सगळी एका तोंडाची हवीत. म्हाताऱ्याचा गबाळेपणा काय सांगावा, दर पेटीत कितीतरी कार्डं खाली डोकं वर पाय. दिवसभर बसून एकूण एक सरळ केली. अकराही पेट्या. चारला संपलं. अ.जी खूश.
संपता संपता द.का. आत डोकावले. टेबलाकडे बघतच राहिले. काही बोलणार होते, तेवढ्यात मी म्हटलं, काका, दोन चहा सांगा. गेले सांगायला.

२० ऑगस्ट, मंगळ.
पाच पेट्या झाल्या. मान धरलीय.
आईचा श्रावणातला मंगळवार. साठी जवळ आली, गुडघे गेलेत, नवऱ्याचं तोंड पंचवीस वर्षांत पाहिलेलं नाही, तरी मंगळागौरीच्या देवळाच्या पायऱ्या चढून कुंकू वाहून आलीच. शेजारपाजारच्या मराठी बायका आता तिला पूजेला बोलावतात तेही दयेने. आज माझ्याच्याने राहवलं नाही, विचारलं, हे कुणासाठी?
“आहेत ना कुठेतरी,” म्हणाली.
मी ताट आपटून उठले. नंतर तिनेच उचललं.

२८ ऑगस्ट
झालेल्या पेट्यांतल्या लोकांना आजपासून फोन. मराठी म्हणून बोलायचं काम माझं.
पहिलाच फोन सांगलीला. गोड आवाजात विचारलं, काका आहेत का, यंदा काशीला यायचं म्हणत होते ना. पलीकडे बाई रडायलाच लागल्या. काका दोन वर्षांपूर्वी गेले.
तिसरा तसाच. सातवा तसाच. एका मुलाने ऐकवलं, “वडील गेले तेव्हा तुमच्या दत्तूकाकांना मी स्वतः कळवलं होतं. आता त्यांच्याच पितृपक्षाला त्यांनाच बोलावताय?” मग आईवरून शिवी.
संध्याकाळपर्यंत कुणीतरी कंपनीचं नाव व्हॉट्सॲपवर फिरवलंसुद्धा. अ.जींचा चेहरा पाहवत नव्हता.

२९ ऑगस्ट
अ.जींनी द.कां.ना आत बोलावलं. बसायला सांगितलं नाही.
द.का. सांगत होते : माणूस गेल्याचं कळलं की त्याचं कार्ड पेटीत उलटं ठेवायचं, खाली डोकं करून. यजमानाच्या, म्हणजे यात्रेकरूच्या, नावापुढे ‘गेला’ असं आपल्या हाताने लिहायचं नाही, वडिलांनी तसंच शिकवलं. उलट्या कार्डाला कधी फोन केला नाही, तीस वर्षांत एक तक्रार नाही.
मी ऐकत होते.
अ.जी माझ्याकडे वळले. “नंदाजी, कार्ड उल्टे थे?”
“नहीं सर. सब सीधे थे.”
आवाज कापला नाही माझा. द.कां.नी माझ्याकडे पाहिलं नि टोपी घातली. अ.जींनी मग तोंड सोडलं. बाहेर नाशिकची मंडळी बसली होती, त्यांच्यादेखत. पेट्या तरी द्या म्हणाले द.का., तर त्याही कंपनीच्या निघाल्या. स्वतःचा पाण्याचा तांब्या तेवढा उचलून गेले.

३० ऑगस्ट
पक्की झाले. दुसरी खुर्ची माझी. एक पाय डुगडुगतो, खाली कागदाची घडी घातली.
पेढे घेऊन घरी. आई म्हणाली, दत्तूभावजींचं काय? म्हटलं, रामनगरला मुलीकडे गेले, आराम करतील. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, जाताना माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत. हे तिला सांगितलं नाही.
वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लिहून ठेवते.

४ सप्टें.
शेवटची पेटी. जेवणाच्या सुट्टीआधी एक कार्ड हातात आलं. आडनाव आमचं. नाव बाबांचं.
द.कां.चंच अक्षर. सहा वर्षांपूर्वीचं. ‘जळगाव. सोबत पत्नी, मुलगा दहावीत. कढी आवडते. पुन्हा : मुलाला नोकरी लागली की.’
इथे आले होते. याच गल्लीतून घाट उतरले असतील. आईपासून पंधरा मिनिटांवर. द.कां.नी त्यांना कढीभात वाढला नि आम्हाला एका शब्दाने कळवलं नाही.
कार्डावरचा नंबर लावला. आता तो नंबरच अस्तित्वात नाही म्हणे. दोनदा लावला.
मग डोक्यात आलं. कार्ड सरळ आहे. सरळच असणार, मीच केलंय. माझ्या हातात आलं तेव्हा कसं होतं?
आठवत नाही. त्या दिवशी नावं वाचलीच नाहीत, नुसती फिरवत गेले.

८ सप्टें.
रामनगरला गेले. द.का. ओसरीवर बाजेवर पडले होते. उठून बसले. मुलीला म्हणाले, नंदाला पाणी दे. पेला तसाच खाली ठेवला.
येताना वाटलं होतं भांडेन. तुम्ही आम्हाला फसवलंत, असं तोंडावर म्हणेन. ते राहूनच गेलं. विचारलं एवढंच, काका, बाबांचं कार्ड कसं होतं?
“सरळ असेल की,” म्हणाले. “तूच सांगितलंस ना, सगळी सरळ होती.”
मी खोटं बोलले काका, म्हटलं. मुलीच्या देखत म्हटलं. पाया पडले. त्यांनी पाय आखडून घेतले नि भिंतीकडे तोंड करून निजले. त्यांची मुलगी पेला उचलून आत गेली.
पुलावरून येताना ऑटोवाला विचारत होता, कुठे उतरायचं. मी पुलावरच उतरले, पुढे चालत आले.

९ सप्टें.
सकाळी निघताना आई आरशासमोर. करंगळीने कुंकू सारखं करत होती. म्हणाली, आज उशीर झाला तुला. मी तिच्या कपाळाकडे पाहिलं नाही. कार्ड पर्समध्ये होतं.
अ.जींनी आता कॉम्प्युटरात नवा रकाना टाकलाय : माणूस चालू की बंद. ज्यांना फोन लागला त्यांचं विचारून भरायचं, बाकीचं अंदाजाने. संध्याकाळी सगळ्या चालूंना पितृपक्षाचा मेसेज जाणार. रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे जात नाही. तीनदा करून पाहिलं.
अ.जी दोनदा विचारून गेले, कितना बाकी है. म्हटलं, एक.