हरकतीवरची सही

आण्णा, तुमच्या नावाची खोटी सही केली मी. आज ती सरकारी फाईलमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो. भोरच्या एसटी स्टँडवर बसून हे लिहितोय. खाकी कपड्यातला माणूस समोरून गेला, मग तो कंडक्टर का असेना, की मी कागद पालथा घालतो.

पहिल्यापासून सांगतो. ओढ्यापलीकडचं रान, हायवेला लागून असलेलं, बिल्डरला चाललंय. खाली गाळे, वर फ्लॅट. लोकांच्या हरकती मागवायला ग्रामपंचायतीत नकाशा लावला होता, रंगीत, झाडंसुद्धा काढलेली. ओढा मात्र शोधावा लागला. गाड्या लावायच्या जागेखालून दोन बारीक रेघा नि शेजारी ‘पाईप’ लिहिलेलं, बस. मला तुम्ही दिसलात. पहाटे टाकीवरून गावाला पाणी सोडून तुम्ही बांधावरून परत येताय, खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी, आषाढाची झड लागलेली. ओढा खाचरात घुसलाय नि तुम्ही पायानं चिखल दाबत पाणी कुठवर आलं ते बघताय. मी विचारलं, आपल्या रानात का आला? तुम्ही म्हणालात, “त्याला आपलं रान ठावं न्हाई लेका. त्याला फकस्त उतार ठावा.” हा एवढा ओढा पाईपात घातला, की आपलं भात गेलंच. आई घरात एकटी, आणि पाणी आलं की आधी आपल्याच उंबऱ्याला लागणार.

पण माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं ते याच डोक्यापायी. एक जण तिच्याबद्दल काहीतरी वंगाळ बोलला, मी त्याचे दोन दात पाडले आणि परत वर्गात गेलोच नाही. ती म्हणजे पलीकडच्या रानाच्या मालकाची मुलगी. तुमच्या दोस्ताचीच. बिल्डिंग झाली की तिचे वडील तिला पुण्यात फ्लॅटवाल्याकडं देणार, असं कानावर आलं आणि त्याच दिवशी मी हरकत लिहायला बसलो. झेरॉक्सवाला म्हणाला, सातबाऱ्यावर नाव असंल त्याचीच हरकत धरत्यात. सातबाऱ्यावर अजून तुमचंच नाव आहे. वारस नोंद राहिली. आई म्हणते करू, करू. खरं तर तुमचं नाव काढायला तिचा हात होत नाही. मग काय, दुकानाच्या काउंटरवरच तुमची सही ठोकली. शेवटची वेलांटी तुम्ही वर ओढायचात तशीच ओढली. जमली होती, आणि मला त्याचा आनंदही झाला होता, हे लिहिताना आता लाज वाटते.

तिला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, “येड्या, लगीन मोडायचं तर पत्रिका छापल्यावर मोडत्यात. तू बिल्डिंगवर हरकत घेतलीस. तीबी मेलेल्या माणसाच्या नावानं.” शेवटी एवढंच बोलली, “खरं सांगून ये. न्हाईतर मला फोन करू नको.”

आणि भोरच्या कचेरीतून नोटीस आली. सुनावणीला स्वतः हजर राहावे, ओळखीचा पुरावा आणावा. नाव तुमचं. त्या दिवसापासून जेवण गेलं नाही. आईनं विचारलं तर पित्त झालंय म्हणून सांगितलं. खोटी सही म्हणजे आत टाकतात, एवढं मला कळतं.

आज कचेरीच्या बाकावर तिचे वडील आधीच बसलेले. पांढरी टोपी, कडक कपडे, दोन पाहुणे बरोबर. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आण्णा कुठंय रं? नोटीस त्याच्या नावाची हाय म्हणं. म्या खांदा दिला हुता त्याला, म्हून इचारतो. मागारी आला आसंल तर मलाबी भेटायचंय.” सगळं बाकडं हसलं. मी उठलोच होतो, आण्णा, मूठ वळलेली. पण मुठीत तुमच्या नावाची नोटीस होती, तेवढ्यानं वाचलो. ते मग जवळ सरकले, आवाज खाली. “हरकत मागारी घे. मी सहीचं बोलत न्हाई. आन् पोरीचं मागनं बघू आपण.”

पोरीचं बघू म्हणाले. दोन वर्षं मी हेच ऐकायला जगलो. हो म्हणणारच होतो. तोंड उघडलं आणि मला टाकीवरचा तो दिवस आठवला. मी हट्टानं चावी हातात घेतली, उलट्या अंगानं जोर लावला नि व्हॉल्व्हचे आटे गेले. वरच्या आळीला दोन दिवस पाणी नाही. पंचायतीत सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, “म्याच तोडला.” घरी आल्यावर मला मारलं नाही. जेवताना नुसतं म्हणालात, “जोर लावायच्या आदी कुटल्या अंगाला फिरतंय ते बघावं.” तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीत. मी माझी चूक तुमच्या नावावर टाकून वर त्याचा सौदा करत होतो.

उठून आत क्लार्क बाईंकडं गेलो. सगळं सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. “अहो, हरकत गावातल्या कुणालाही घेता येते. सातबारा कुणी मागितला?” मी म्हणालो, झेरॉक्सवाल्यानं. “मग सुनावणीपण त्यालाच घ्यायला सांगा.” मग कोरा कागद पुढं सरकवला. “तुमच्या नावानं नवीन लिहा. जुनी मला काढता येणार नाही. साहेब विचारतील, तुम्ही सांगा.” एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी तुम्हाला उठवलं होतं.

साहेबांसमोर सांगितलं. सही माझी, वडील वारलेत. ओढा कुठवर येतो ते नकाशावर बोट ठेवून दाखवलं. साहेबांनी तिच्या वडिलांना विचारलं, खरं आहे का? ते नकाशाकडं बघत राहिले, मग म्हणाले, “पूर्वी यायचा.” साहेब म्हणाले, जागेवर येऊन बघू. आणि सहीचं? लेखी खुलासा द्या, पुढं काय ते कळवू. कळवू म्हणजे काय, ते विचारायचा धीर झाला नाही. बाहेर आल्यावर तिचे वडील एक शब्द न बोलता गाडीत बसले. तिला फोन केला, लागला नाही. आता घरी आईला सांगायचं आहे, आणि त्याची भीती पोलिसांपेक्षा जास्त आहे.

हा कागद कुठं टाकायचा? घडी करून खिशातच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. नवीन हरकत लिहून दिली तरी सुनावणीची यादी बदललेली नव्हती, म्हणून शिपायानं दारात येऊन तुमचंच नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मी लगेच उठायला पाहिजे होतं. नाही उठलो. त्यानं पुन्हा पुकारलं, आणखी मोठ्यानं. सगळ्यांना वाटलं पोरगं घाबरलं. घाबरलो तर होतोच. पण तुम्ही गेल्यापासून तुमचं पूर्ण नाव असं मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदा पुकारेपर्यंत मी बसून राहिलो.