एकशे बारा ठिपके

१४ एप्रिल, मंगळवार

बोलणी खाल्ली! सदुसष्टाव्या वर्षी, लेकीहून लहान पोरीकडून, अख्ख्या वॉर्डासमोर!

काल ईस्टरचा सोमवार. आमच्याकडची रीत: नवऱ्यानं बायकोच्या डोक्यावर अत्तर शिंपडायचं, पण आधी चार ओळींचं कडवं म्हणायचं. देझो दरवर्षी नवं जुळवतो, दरवर्षी आधीपेक्षा चावट. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, एकदाही चुकला नाही. काल मी बाटली त्याच्या डाव्या हातात दिली. उजवा अजून लुळाच आहे. त्यानं तोंड उघडलं. "मी... मी..." आणि पुढं काही नाही. मेंदूला झटका आल्यापासून नऊ आठवडे हॉस्पिटलात हेच चाललंय. मला बघवेना. मी गेल्या वर्षीचं कडवं घडाघडा म्हणून टाकलं आणि डोकं पुढं केलं. त्यानं शिंपडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रेकानं नाही वाजवल्या. त्याला बोलायला शिकवते ती पोरगी. आज मला खिडकीपाशी ओढून नेलं.

"विल्मा काकू, कडवं कुणी म्हटलं?"

"कुणीतरी म्हणायला हवं होतं ना!"

"ते शब्द शोधत होते. सापडलाही असता एखादा. तुम्ही शोधूच दिला नाहीत."

तिला काय ठाऊक! तीस वर्षं मी सेगेदच्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या काठाला खड्डा, त्यात मी, मांडीवर प्रत. नट अडखळायच्या आधी त्याच्या मानेवरची शीर मला कळायची. शब्द पुरवणं हेच माझं काम. गप्प बसायला मला कुणी शिकवलंच नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

ओर्शीचा फोन. लेकीला सगळं सांगितलं, म्हटलं बाजू घेईल. तर म्हणते, "रेका बरोबर बोलतेय. आई, लहानपणी मी एक वाक्य तुझ्यासमोर पुरं केलेलं आठवत नाही मला."

मी म्हटलं, "काहीतरीच—" तर म्हणाली, "बघ!"

२० एप्रिल, सोमवार

तारीख ठरली. २२ मे. तीन डॉक्टर बसणार आणि ठरवणार. देझोची वाचा सुधारतेय असं दिसलं तर त्याची इथली खाट आणि रेकाचे तास आणखी तीन महिने चालू. नाही दिसलं तर तिसरा मजला.

तिसऱ्या मजल्यावर नुसतं पडून राहणाऱ्यांना ठेवतात. तिथं शिकवायला कुणी जात नाही. कूस बदलायला नर्स येते आणि रविवारी पाद्री. तिथून घरी आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

घरी आणू? चौथा मजला, लिफ्ट नाही. माझ्या गुडघ्यांना विचारून बघते.

बत्तीस दिवस.

२४ एप्रिल, शुक्रवार

रेका म्हणाली, "त्यांच्या जिवाभावाचं काहीतरी आणा. जुनं, तोंडपाठ असलेलं."

माळ्यावरची पेटी उघडली. वर ओर्शीचे बूट, मग पडद्याचं कापड, आणि तळाशी 'शेवटची टपालगाडी'ची माझी प्रत! तेल लागलेली, दोऱ्यानं शिवलेली.

आज हे नाटक कुणी करत नाही. आमच्या तरुणपणी अख्खं गाव त्यातल्या गाण्यांची शीळ घालत फिरायचं. टपालकचेरीतली रोझालिया सगळ्या गावाची पत्रं चोरून वाचते, आणि गाडीवान मार्त्सी स्वतःलाच पत्रं लिहून टाकतो, कारण ती वाचेल म्हणून! मार्त्सी म्हणजे आमचा देझो. बुटका, चपळ, टेबलावरून मागच्या मागं उडी मारायचा. दुसऱ्या अंकातल्या नाचाला लोक टाळ्यांचा ठेका धरायचे. तो तीनदा नाचून दाखवल्याशिवाय थांबायचेच नाहीत.

मी माळ्याच्या शिडीवरच बसून पहिला अंक वाचला. मग गायला लागले. गळ्यातून आवाज म्हणजे नुसती खरखर, पण गायले! शेजारच्या पिरोश्कानं दार ठोठावलं, "विल्मा, बरी आहेस ना गं?" मी म्हटलं, "नाही. पण दुसरा अंक बाकी आहे."

फेब्रुवारीपासून आज पहिल्यांदा भूक लागली. पाव, मिरची घातलेलं डुकराचं सॉसेज, वर कच्चा कांदा. उभ्या उभ्या खाल्लं.

२९ एप्रिल, बुधवार

वॉर्डात पहिलं वाचन. मी रोझालिया, मीच महापौर, मीच कोरस. देझोनं फक्त मार्त्सी म्हणायचा. प्रत बघताच त्याचे डोळे भरून आले. पण शब्द? एक नाही. मी पहिला शब्द दिला. मग दुसरा. मग अख्खं वाक्य. मग कळलं की मार्त्सीही मीच म्हणतेय.

पलीकडच्या खाटेवरचे आंब्रुश काका म्हणाले, "बाई, एकटीचंच नाटक आहे का हे? मग त्याला तिकीट तरी काढायला लावा."

रेकानं खिशातून पुदिन्याची गोळी काढली. "ही तोंडात ठेवा. चावायची नाही. विरघळेपर्यंत बोलायचं नाही." शाळेतल्या पोरीसारखी मी ती तोंडात धरून बसले. जीभ आत नुसती तडफडत होती. सात मिनिटं! देझो घामाघूम झाला, पण बोलला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण माझ्या खोडीपायी तो वरच्या मजल्यावर जायचा!

६ मे, बुधवार

प्रत नीट पाहिली. माझी जुनी पद्धत: नट अडला आणि मी वाक्य दिलं की त्या ओळीपुढं पेन्सिलीचा एक ठिपका. महापौराचं काम करणाऱ्याच्या ओळींना देवी आल्यासारखे ठिपके आहेत. आणि देझोच्या? सबंध नाटकात एकही नाही, एक जागा सोडून.

दुसरा अंक, टपालकचेरीचं दार. रोझालिया म्हणते, "गाडी सुटतेय, मार्त्सी! उद्या दुसरी मिळायची नाही." त्यावर त्यानं म्हणायचं, "गाडी जाऊ दे. मी तुझ्यापाशी राहतो." दर प्रयोगाला "गाडी जाऊ दे" म्हणून हा ठप्प! मग खड्ड्यातून मी हळूच म्हणायचे, "मी तुझ्यापाशी राहतो," तेव्हा कुठं गाडं पुढं सरकायचं. दिग्दर्शक ओरडायचा, "गाढवाला पाठ झालं असतं एव्हाना!" लग्नानंतर ते आमच्या घरातलं ठरलेलं वाक्यच झालं. मी चारचौघांत सांगायचे, मी नसते तर देझो त्या दारात बुडाला असता. तो हसायचा.

ठिपके मोजले. एकशे बारा.

प्रयोग एकशे पंधरा झाले होते. तीन कुठं गेले? मग आठवलं, लग्नाआधी, १९६७च्या फेब्रुवारीत मला ताप होता. तीन दिवस खड्ड्यात म्हातारा कोर्नेल बसला होता. समासात त्याचं किडमिडं अक्षर आहे: 'मार्त्सी कुठंही अडला नाही.' तिन्ही दिवस तेच.

हँ! कोर्नेलला खड्ड्यात डुलकी लागायची, साऱ्या मंडळीला माहीत होतं.

११ मे, सोमवार

"दार." एवढंच म्हणाला. पण स्वतःहून! माझ्या तोंडात गोळी होती, ती आनंदानं गिळलीच.

१५ मे, शुक्रवार

वाईट दिवस. सकाळपासून "मी... मी..." शेवटी देझोनं डाव्या हातानं प्रत उचलून भिरकावली. शिवण उसवली, पानं खाटांखाली गेली. त्याच्या चेहऱ्यावर जो राग होता, तो माझ्यावर होता. मी गुडघ्यांवर रांगत पानं गोळा केली आणि रडले. लपवलं नाही.

ओर्शी ग्यॉरहून आली होती. जिन्यात म्हणाली, "आई, वरच्या मजल्याची मनाची तयारी ठेव. तू थकलीयेस. तुलाही काही झालं तर मी दोघांना कशी बघू?"

"तू गप्प बस!" म्हटलं. मग तिच्या हातावर हात ठेवला. पोरगी घाबरलीय. मीही घाबरलेय. आम्हा दोघींना भांडल्याशिवाय घाबरता येत नाही.

शिवाय एक गोष्ट इथंच लिहिते, दुसरीकडे कुठं बोलणार नाही. जिन्यात क्षणभर मला वाटलं, सुटेन मी. तो वर गेला तर मला झोप तरी लागेल. लाज वाटते.

२१ मे, गुरुवार

त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला. पानं पुन्हा शिवली. उद्याची वेळ दहा. रेकानं डॉक्टरांना विचारलंय, शेवटी नाटकातला एक तुकडा म्हणायला परवानगी आहे. कुठला, ते तिनं देझोला विचारलं. त्यानं पानं उलटली आणि डावं बोट टपालकचेरीच्या दारावर ठेवलं. नेमकं तिथंच!

मी म्हटलं, "अरे, तिथं तर तू धडधाकट होतास तेव्हाही अडायचास!"

बोट हललं नाही. हट्टी बोकड.

२२ मे, शुक्रवार



तीन डॉक्टर टेबलामागं. मी भिंतीशी खुर्चीवर, तोंडात गोळी. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळ दाखवलं. "हे काय?" देझो म्हणाला, "घड... घड्याळ." किल्ली आली. बरंच थांबून, "दार." चूक! पेन्सिल. काहीच नाही. शब्द माझ्या घशापर्यंत आला होता, मी गालाची आतली बाजू चावली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. धाकट्या डॉक्टरानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

रेका म्हणाली, "आता तो तुकडा."

मी गोळी रुमालात घेतली. उभी राहिले. "गाडी सुटतेय, मार्त्सी! उद्या दुसरी मिळायची नाही." माझा आवाज फाटला.

देझो म्हणाला, "गाडी... जाऊ... दे."

आणि थांबला.

तीच जागा. एकशे बारा वेळा मी ती भरली होती. ओठ आपोआप हलायला लागले. रेकानं मान जोरात हलवली. मी तोंडावर हात दाबले, दोन्ही. देझो माझ्याकडे बघत नव्हता. तो खाली बघत होता, फरशीकडे, टेबलाच्या थोडं अलीकडे. थिएटरात असतो तर खड्डा बरोबर तिथं असता.

तो वाट बघत होता. मी नाही दिलं वाक्य. देवा, नाही दिलं!

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. धाकटा म्हणाला, "पुरे, नाही का?"

तेव्हा देझोनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, खुर्चीपाशी उभ्या असलेल्या म्हातारीकडे.

"मी," तो म्हणाला. मग "तुझ्या." मग कपाळावरची शीर तटतटली. "पाशी. राहतो."

रेकानं माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठलाय.

तीन महिने नाही दिले. सहा आठवडे दिले, मग पुन्हा तपासणी. बाई म्हणाल्या, फार आशा ठेवू नका. मी म्हटलं, सहा आठवडे तर सहा आठवडे!

घरी आल्यावर आठवलं: त्या तीन दिवसांतही तो अडला नव्हता. खड्ड्यात कोर्नेल होता तेव्हा.

२३ मे, शनिवार

आज देझोचा नामदिवस, कॅलेंडरात त्याच्या नावाचा दिवस. खसखशीचा केक नेला, आंब्रुश काकांनी अर्धा खाल्ला. मग प्रत उघडून ठिपक्यांवर बोट ठेवलं. "तुला वाक्य येत होतं? दर वेळी?"

बराच वेळ लागला. मी गोळी घेतली नव्हती, तरी गप्प बसले.

"येत... होतं," तो म्हणाला. आणि मग, स्वतःहून: "तू... म्हण."

म्हटलं. खड्ड्यातून हळूच म्हणायचे तेच वाक्य, पण मोठ्यानं, सगळ्या वॉर्डासमोर.